अनुभव धागा: खिन्नता, प्रार्थना आणि गोळ्या (सोलापूरकर ख्रिस्ती मंडळींसाठी)

सर्वांना सलाम.

चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिलं की शेवट गोड करावाच लागतो. कर्ज फिटलं, गाठ विरघळली, पोराला नोकरी लागली, हालेलुया. ज्यांची गोष्ट अजून मधेच लटकलेली आहे त्यांच्या हातात माइक कोणी देत नाही. हा धागा त्यांच्यासाठी.

मी निवृत्त परिचारिका, जुळे सोलापूर. नियम थोडेच. स्वतःचं सांगा. चर्चचं, पाळकसाहेबांचं, डॉक्टरांचं नाव नको. आपल्या गावात कोण कुणाचा मेव्हणा निघेल याचा भरवसा नाही. दुसऱ्याच्या गोळीचं नाव वाचून मेडिकलमध्ये धावू नका. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर इथे लिहीत बसू नका, घरातल्या कुणाला तरी उठवा आणि 14416 लावा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलता येतं.

शिक्षिका, विजापूर रोड

मुलगी झाली तेव्हाचं सांगते. बाळ गुटगुटीत, घरात पेढे, आणि मी न्हाणीत नळ सोडून रडायचे. बाळ रडलं की छातीत धडधड, झोपलं तरी मला झोप नाही. भगिनी मंडळाच्या बायका प्रार्थनेला आल्या. डोक्यावर हात ठेवून सैतानाला घराबाहेर काढलं. हेतू चांगलाच होता हो, पण त्या गेल्यावर माझ्या डोक्यात नवीनच भीती शिरली, की आपल्यात काहीतरी शिरलंय, बाळाला जवळ घ्यावं की नाही?

त्यातल्याच एक काकू दुसऱ्या दिवशी एकट्या आल्या. बायबल नाही, काही नाही. बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "जा, डोक्यावरनं पाणी घे." मी येईपर्यंत कडक भाकरी आमटीत चुरून ठेवलेली, वर शेंगाचटणी आणि तेलाची धार. "आधी खा." खाल्लं आणि तिथेच आडवी झाले. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि काकू लंगोट्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना सांग झोप येत नाही म्हणून. मी येते संगती." तिथे थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, मानसोपचाराची चिठ्ठी दिली. अंगावर पाजत असताना चालणारं औषध मिळालं.

पुढे कधीतरी बायबलातला 1 राजे 19 हा अध्याय वाचताना थांबले. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. ईजबेल राणी जिवावर उठलेली, माणूस पळून पळून थकलेला. देवदूत येऊन त्याला काय सांगतो? "ऊठ, खा." निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, तेही खाण्यासाठीच. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देव फार नंतर विचारतो, तो होरेब डोंगरावर पोचल्यावर. काकूंनी हा अध्याय डोळ्यापुढे ठेवून काही केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी माझं तोंड बघितलं होतं, बस्स.

टॉवेलचा धंदा, अक्कलकोट रोड एमआयडीसी

माझं रडण्याचं नाही, रागाचं हाय. सुताचा भाव चढला, ऑर्डर लटकली, बँकेचा हप्ता डोक्यावर. मी कामगारांवर ओरडायचो, बायकोवर ओरडायचो, पोरगं घरात आलं की गप व्हायचं. पहाटे तीनला टक्क जाग. पंखा बघत पडायचं. ही पण खिन्नता असते हे मला डॉक्टरनं सांगितलं, मला वाटायचं खिन्न माणूस कोपऱ्यात बसून रडतो.

माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तशी त्यांनी बोलणं सोडलं. भोंगा बंद झाला तरी त्या टायमाला उठून, आंघोळ करून, कपडे घालून बाजेवर बसायचे. जायचं कुठं? आम्ही म्हणायचो अप्पा लई शांत झाले. त्यांना काय झालं होतं ते कोणी विचारलं नाही, त्या काळात विचारायची पद्धतच नव्हती. माझ्या केसपेपरवर "घरात कुणाला होतं का" असं लिहिलेलं असतं, तिथं मी आता "वडील" लिहितो.

चर्चचं म्हणाल तर "सर्वदा आनंदित असा" हे वचन त्या दिवसांत मला शिवीसारखं लागायचं. गाणं सुरू झालं की मी चप्पल बघायचं निमित्त करून बाहेर. स्तोत्र 88 एका मित्रानं दाखवलं. तुम्ही पण वाचा. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, स्तुतीवर येतात. हे येत नाही. अंधारातच संपतं. आणि तरीही बायबलात हाय, कुणी काढून टाकलं नाही. मला ते स्तोत्र म्हणता यायचं, दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

कॉलेज, नाव नको

मी चर्चला जाणं सोडलंय. देवाला नाही. सध्या एवढंच.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, रेल्वे लाइन्स

क्षमा करा, पण धाग्याचा सूर मला पटत नाही. पत्नी गेल्यावर मीही वर्षभर खचलो होतो. एकही गोळी घेतली नाही. पहाटे उठून स्तोत्र 42 मोठ्याने म्हणायचो, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" आणि पायी फिरायला जायचो. प्रभूने उभं केलं. आजकाल जरा मन उदास झालं की लोक डॉक्टर गाठतात. वचनावर भरवसा कमी होत चाललाय.

धागाकर्ती

काका, तुमचं उभं राहणं खरं आहे आणि मी ते खोडत नाही. शोक हा शोकच असतो, त्याला वेळ लागतो, आणि पहाटेचं चालणं, ठरलेली वेळ, मोठ्याने वाचन, रविवारी चार माणसांत बसणं याने पुष्कळ जणांना उतार पडतो. सौम्य दुखण्यात डॉक्टरसुद्धा आधी हेच सांगतात. पण ज्या बाईला अंथरुणातून उठून दात घासणं होत नाही तिला "फिरायला जा" म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिना दाखवणं. रक्तदाबाची गोळी घेताना आपल्यापैकी कुणाचा विश्वास डळमळत नाही. प्रेषित पौलाने आपल्या तरुण साथीदाराला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, "प्रार्थना वाढव" असं लिहिलं नाही. आणि त्याच्याबरोबर हिंडणारा लूक वैद्य होता.

आणि "वचनावर भरवसा कमी" हे वाक्य, काका, ते जरा जपून. वॉर्डात मी ते पुष्कळ नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा काय होतो तेही बघितलंय.

बहीण

माझा भाऊ गेला. कसा ते लिहीत नाही. दफनविधीनंतर चहाच्या वेळी एकाने आईला विचारलं, "तो आता स्वर्गात असेल का हो?" आईने कप खाली ठेवला आणि आत गेली.

पाळकसाहेबांनी रोमकरांस 8 घेतला होता, की मरण किंवा जीवन, काहीच देवाच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकणार नाही. "मरण" या शब्दावर ते थांबले, पुन्हा वाचलं आणि पुढे गेले. प्रवचन नाही केलं. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

एक पाळक

आमच्याकडे लोक येतात तेव्हा पोट फुटेपर्यंत आलेलं असतं. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, आम्हाला ग्रीक शिकवलं, इब्री शिकवलं. तीन आठवडे न झोपलेल्या माणसासमोर काय बोलायचं ते तिथे फारसं आलं नाही.

एक गोष्ट मी तरुण संघात नेहमी सांगतो. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी सगळ्यांना माहीत असतात. 1805 मध्ये त्यांनी सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं, म्हणजे आपल्यावर त्यांचं ऋण आहेच. त्यांच्या पत्नी डॉरथी कुणाला माहीत नसतात. 1793 मध्ये त्या मनाविरुद्ध जहाजावर चढल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला आणि डॉरथींचं मन फाटलं ते पुन्हा शिवलं गेलं नाही. 1807 मध्ये वारल्या, तोवर कधीकधी त्यांना कोंडून ठेवावं लागे. त्या काळी औषध नव्हतं, त्यामुळे कॅरींना बोल लावण्यात अर्थ नाही. पण मिशनरी दिनाला आपण नवरा-बायकोतल्या एकाचाच फोटो लावतो, हे मला खटकतं. डॉरथींचा विश्वास कमी होता का? हा प्रश्न विचारला की पोरं गप्प होतात.

माझी स्वतःची पद्धत आता अशी: प्रार्थना करतो, आणि त्याच बैठकीत विचारतो, डॉक्टरकडे कधी जायचं? गोळ्या चालू असतील तर "बंद कर, प्रभू बरं करील" हे माझ्या तोंडून निघणार नाही आणि माझ्या चर्चच्या वडीलमंडळींच्याही तोंडून निघू देत नाही. ही औषधं एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी, दुखणं उलटणं, सगळं होऊ शकतं. आणि सुरू केल्यावर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. नेमके तेच आठवडे माणूस म्हणतो, "बघा, काही उपयोग नाही." तेवढ्या काळात रोज एक फोन करायला मंडळीतलं एक माणूस नेमून द्यायचं. उपदेशाचा फोन नाही. जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढाच. येशूनेही धरून नेण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे" म्हटल्यावर शिष्यांकडे काय मागितलं? जागे राहा. तेही त्यांना जमलं नाही, ही गोष्ट वेगळी.

होटगी रोड, लिथियमवाला

माझा आजार दोन टोकांचा आहे, बायपोलर म्हणतात तो. कधी पाताळात, कधी इतका वर की रात्रभर जागून चर्चसाठी नाटक लिहितो आणि कर्ज काढून साउंड सिस्टीम आणतो. वरच्या टोकाला असताना सगळे म्हणायचे, पोरगा पवित्र आत्म्याने भरलाय. घरच्यांनाच कळत होतं की हे काही बरं नाही.

इथे लिहायचं कारण वेगळं. लेंट, ईस्टरआधीचा उपासाचा काळ. मी आधी चाळीस दिवस उपास धरायचो, संध्याकाळपर्यंत पाणीही नाही. लिथियम, म्हणजे या आजाराची गोळी, चालू असताना हे चालत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, चालताना झोक जातो, वाढलं तर जिवावर बेततं. त्यात आपला मार्च-एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पाणी तोडायचं नाही, जेवणातलं मीठ एकदम कमी करायचं नाही, आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही. मी मोबाइलचा उपास धरतो. हसतात काही जण. हसू देत.

गृहिणी, सात रस्ता

सगळं वाचलं. माझ्या जावेसाठी विचारते. ती तयार झालीय, पण सिव्हिलला गेलं तर ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मागे सरते. नवऱ्याला सांगायचं नाही म्हणते. पहिल्यांदा काय काय विचारतात? एकटीला आत बोलावतात का?

धागाकर्ती

ताई, सिव्हिलला अख्खं सोलापूर येतं, कोण कशासाठी आलंय ते बघायला कुणाला सवड नसते. केसपेपर काढताना मानसोपचार म्हणायचं, बाकी ते सांगतात. झोप, भूक, कधीपासून, आधी कोणती औषधं, मरणाचे विचार येतात का, हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाला तिने खरं उत्तर द्यावं. एकटीशी बोलायचंय असं तिने सांगितलं तर तुम्हाला बाहेर बसवतील, वाईट वाटून घेऊ नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, आयुर्वेदिक असली तरी. नवऱ्याला कधी सांगायचं ते तिला ठरवू दे.

सकाळी लवकर निघा, रांग असते. जाऊबाईंना चालणार असेल तर मीही येते, मला व्यनि करा.

शिक्षिका, विजापूर रोड

लहान मुलं असतील तर माझ्याकडे सोडून जा. दुपारपर्यंत मी घरीच असते.