भविष्याचा अंदाज बांधणारी संस्था, ती पण ना-नफा. हे लोक नेमकं करतात काय?

रावेरचा_केळीवाला

राम राम मंडळी. आमच्या शेतकरी गटात एक पोरगा आहे, पुण्याला शिकून आलेला. मागच्या मीटिंगला तो सांगत होता की अमेरिकेत इन्स्टिट्यूट फॉर द फ्युचर म्हणून संस्था आहे, नफा-बिफा काही नाही, काम काय तर पुढच्या दहा वर्षांत काय काय होऊ शकतं त्याचा अभ्यास, आणि म्हणे आपण पण केळीचं असं करू. सगळे हसले. एक आजोबा तर म्हणाले, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागरीखाली पावसाळ्याच्या एकेका महिन्याचं ठेवलेली चार ढेकळं फुकटात सांगतात, जे जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त, त्याला अमेरिका कशाला पाहिजे? पण मला खरंच विचारायचंय, हे लोक भविष्य सांगतात का अजून काही? पैसा कोण पुरवतं? आणि आपण त्यातलं काही उचलण्यासारखं आहे का, की नुसतं वर्कशॉप, चहा-बिस्किट आणि ग्रुप फोटो?

खान्देशी_परदेशी

संस्था खरी आहे भाऊ, जुनी पण आहे. १९६८ ला सुरू झाली, कनेक्टिकटमधे. रँड नावाची अमेरिकन लष्करासाठी अभ्यास करणारी संस्था होती, तिथून बाहेर पडलेली डोकी. त्यात ओलाफ हेल्मर होता, आणि पॉल बॅरन, म्हणजे ज्याने माहितीचे तुकडे करून पाठवायची आयडिया काढली, ज्यावर आज तुमचा आमचा इंटरनेट चालतो. पुढे कॅलिफोर्नियात गेले, आता पालो अल्टोला ऑफिस आहे. पैसा मुख्यतः मोठ्या कंपन्या, सरकारी खाती, फाउंडेशन यांच्याकडून येतो, ते अभ्यास करून घेतात, ट्रेनिंग घेतात. ना-नफा म्हणजे फुकट नव्हे, उरलेला पैसा मालकाच्या खिशात जात नाही एवढंच.

आता मुद्द्याचं. "अमुक साली अमुक होणार" असं ते छातीठोक सांगत नाहीत. आज कुठे काय बारीकसारीक बदलतंय ते गोळा करायचं, त्यावरून तीन-चार वेगवेगळी चित्रं मांडायची, आणि मग प्रत्येक चित्रात आपण काय करू ते आजच ठरवायचं. पण माझ्या मते उचलण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, डेल्फी पद्धत. ती या संस्थेच्या आधीची, १९५० च्या दशकात रँडमधे हेल्मर आणि डाल्की यांनी काढलेली, पहिला प्रयोग अणुबॉम्बच्या आकड्यांवर. जाणकारांना एका खोलीत बसवायचंच नाही. प्रत्येकाने बिननावाने अंदाज आणि कारण लिहून द्यायचं. मग सगळ्यांचे अंदाज आणि कारणं प्रत्येकाला कळवायची, कोणाचं काय ते न सांगता, आणि परत लिहून घ्यायचं. दोन-तीन फेऱ्या. मत बदललं तर बदललं, कोणाचं नाक कापलं जात नाही. आपल्याकडे मीटिंगमधे काय होतं माहितीये ना, सोसायटीचा चेअरमन बोलला की बाकीचे मान डोलवतात, आणि ज्याला खरं माहिती असतं तो मागे चपलांपाशी बसून तंबाखू मळत असतो.

धुळ्याचा_वांधा

हाई काय शे भो, नवीन ज्योतिषी का? 😄

२०२१-२२ ला कापूस दहा हजाराच्या वर गेला होता, आठवतंय ना? पुढच्या वर्षी टीव्हीवाले, यूट्यूबवाले, व्यापारी, मोबाईलवरचे तज्ज्ञ, सगळे सांगत होते थांबा थांबा परत वाढणार. आमच्या गावात ओसरीपासून माडीपर्यंत कापूस भरून ठेवला लोकांनी, उन्हाळा आला, त्यात किडे झाले, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, डॉक्टरकडे रांगा. आणि भाव? सात-आठ हजाराच्या आसपास. त्या तज्ज्ञांना कोणी विचारलं का नंतर? पुढच्या हंगामाला तेच लोक तेच तोंड घेऊन हजर. तुमच्या अमेरिकेतल्यांचं पण तेच असणार. १९६४ ला याच हेल्मरने गॉर्डन नावाच्या सहकाऱ्याबरोबर केलेला मोठा अहवाल आहे, त्यात तज्ज्ञांनी हवामानावर माणसाचा थोडाफार ताबा येईल असं पण सांगितलेलं. आला का? इकडे मे महिन्यात वादळ येतं आणि घडासकट केळी आडवी.

आकडेमोड_चोपडा

वांधाभाऊ, राग बरोबर आहे, फक्त तो अंदाजावर न काढता हिशोब न ठेवण्यावर काढा. हवामान खात्याने २००९ ला एप्रिलमधे सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ७८ टक्के. केवढी मोठी चूक, पण आपण आज त्यांना नावं ठेवू शकतो ती का, तर त्यांनी आकडा आधी लिहून जाहीर केला म्हणून. "यंदा बरा राहील" म्हणणाऱ्याला पकडणार कुठे?

फिलिप टेटलॉक म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी जवळपास वीस वर्षं २८४ राजकीय-आर्थिक तज्ज्ञांकडून अंदाज लिहून घेतले, ऐंशी हजारांच्या वर, आणि नंतर तपासले. टीव्हीवर चमकणारे जास्त चुकीचे निघाले. "नक्की होणार" ऐवजी "शंभरात साठ" असं बोलणारे आणि नवीन माहिती आली की आकडा हलवणारे बरे ठरले. असं बोलणाऱ्याला गुण पण देता येतात, ब्रायर स्कोअर म्हणतात, १९५० चा, काढणारा हवामानवालाच. साठ टक्के म्हटलं आणि घडलं तर ०.६ आणि १ मधला फरक ०.४, त्याचा वर्ग ०.१६. जितका कमी तितकं चांगलं. वहीच्या मागच्या पानावर होईल इतकं सोपं.

दहा वर्षांच्या चित्रांना मात्र हे गुण लावता येत नाहीत, आणि माझी या संस्थांवर खरी शंका तिथेच आहे. चार चित्रं मांडली की एखादं तर जुळणारच.

खान्देशी_परदेशी

@आकडेमोड मान्य. पण रॉय अमारा, जो या संस्थेचा बरीच वर्षं अध्यक्ष होता, त्याचं एक म्हणणं मला पटतं: नवीन तंत्राचा परिणाम आपण जवळच्या काळात फुगवून बघतो आणि लांबच्या काळात कमी धरतो. ठिबकचंच बघा ना. आली तेव्हा केवढी भाषणं, मग नळ्या चोकअप, खारींनी कुरतडल्या, लोक म्हणाले गुंडाळून ठेवा ते. आणि आज रावेर-यावल भागात ठिबकशिवाय केळी लावतं का कोणी?

रावेरचा_केळीवाला

भारी माहिती दिली सगळ्यांनी. मग दहा वर्षांचं सध्या राहू देतो, चिठ्ठ्यांचं करतो. प्रश्न एकच, "पुढच्या जूनमधे रावेरला केळीचा भाव क्विंटलला अमुक रुपयांच्या वर असेल का, शंभरात किती?" आणि खाली कारण. बागायतदार तर आहेतच, पण कटाईवाला, गाडी भरणारा आणि बुऱ्हाणपूरला माल नेणारा ड्रायव्हर यांना पण देतो, त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं. फक्त एक अडचण, आमच्याकडे सगळ्यांना सगळ्यांचं अक्षर ओळखू येतं.

आकडेमोड_चोपडा

शाळेतल्या एखाद्या पोरीकडून सगळ्या चिठ्ठ्या एका अक्षरात उतरवून घ्या, नावाऐवजी नंबर टाका आणि नंबरची यादी गटाबाहेरच्या माणसाकडे ठेवा. आणि भाव कुठला धरायचा ते आधी लिहा, बाजार समितीच्या बोर्डावरचा की खरंच हातात पडलेला, नाहीतर जूनमधे त्यावरूनच भांडण होईल.

धुळ्याचा_वांधा

मला पण एक चिठ्ठी पाठवा भो. आणि त्या ढेकूळवाल्या आजोबांना पण द्या, त्यांचा पण स्कोअर काढा.