मदत हवी आहे: कोन अरुंद असलेल्या डोळ्यात मोतीबिंदू काढल्यावर दाब उतरतो का?

आई ६८ वर्षांची आहे. डोळ्यांचा कोन अरुंद म्हणून दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत लेझरने छिद्रं केली. तरी रोज रात्री थेंब घालूनही उजव्या डोळ्याचा दाब २४, डाव्याचा २२. आता उजव्यात मोतीबिंदू वाढलाय. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, दाबालाही फायदा होईल." तपासणीत विचारायचं राहून गेलं आणि आता झोप लागत नाहीये. लेझरने जे झालं नाही ते मोतीबिंदू काढून कसं होईल? थेंब बंद होतील का? डाव्या डोळ्यात मोतीबिंदू जेमतेम आहे, त्याचं काय?

फाईलमध्ये एक फुली काढलीय, चार बाजूंना आकडे आहेत: वर ०, बाकी तिन्हीकडे १. हे काय असतं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी डोळ्यांच्या तपासणीचंच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

ती फुली म्हणजे गोनिओस्कोपीची, म्हणजे कोन बघायच्या तपासणीची नोंद. कोन म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट. वर, खाली, नाकाकडे, कानाकडे कोन किती उघडा आहे ते त्यात लिहितात. नेहमीच्या पद्धतीत ४ म्हणजे ऐसपैस, ० म्हणजे बंद.

वयानुसार डोळ्यातलं भिंग जाड होत जातं, मोतीबिंदूत साडेचार-पाच मिलिमीटरपर्यंत. ते आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, मागून पुढे रेटतं आणि पाणी बाहेर जायची वाट अरुंद होते. लेझरच्या छिद्राने आयरिसच्या मागचं पाणी पुढे यायला वाट मिळते, पण भिंगाची जाडी तिथेच राहते. ऑपरेशनमध्ये ते जाड भिंग जाऊन जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं कृत्रिम भिंग बसतं. आयरिस मागे सरकते, कोन उघडतो. म्हणून अशा डोळ्यांत दाब साध्या मोतीबिंदूपेक्षा जास्त उतरतो, आणि आधी जितका चढलेला तितका जास्त.

पण सगळं अवलंबून आहे ते कोन नुसता टेकलाय की चिकटलाय यावर. बराच भाग चिकटून बसला असेल तर भिंग काढूनही दाब हवा तेवढा उतरत नाही, थेंब चालू ठेवावे लागतात. वरच्या ० बद्दल हेच विचारा: "दाब देऊन गोनिओस्कोपी केली तेव्हा तो भाग उघडला का?"

डाव्या डोळ्याबद्दल: २०१६ च्या ईगल चाचणीत मोतीबिंदू नसलेल्या, पन्नाशीपुढच्या ४१९ रुग्णांमध्ये भिंग काढणं आणि लेझर यांची तुलना झाली. तीन वर्षांनी भिंग काढलेल्यांचा सरासरी दाब १६.६ होता, लेझरवाल्यांचा १७.९. थेंबही कमी जणांना लागले. मात्र त्यांचे कोन बंद होऊन दाब ३० किंवा वर गेलेला होता, नाहीतर काचबिंदू झालेला होता. त्यामुळे डाव्याची घाई नको. डोळ्याची नस कशी आहे ते डॉक्टरांना आधी बघू द्या.

ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी दाब उलट चढू शकतो, आत वापरलेली जेल थोडी उरते म्हणून. काही जणांचा स्टेरॉइड थेंबांनी दोन-तीन आठवड्यांत चढतो. म्हणून पुढच्या तारखा चुकवू नका. डोळा ठणकला, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली तर त्याच दिवशी जा. आणि काचबिंदूचे थेंब आपल्या मनाने बंद करू नका.

धागाकर्ती

खूप आभार. टेकलाय की चिकटलाय, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वरच्या शून्याचं आधी विचार." सोमवारी तारीख आहे, फाईल घेऊन जातेय.