पोस्टमन की ब्रुनो: प्रश्न टूलचा आहे की रेपॉझिटरीच्या ॲक्सेसचा?

सव्वाशे_एंडपॉइंट (धागाकर्ती): ‘जी टीम आजही पोस्टमन वापरते तिला गिट कळलेले नाही, तिने ब्रुनो घ्यावे,’ असे काल येथील एका सदस्याने लिहिले. ते झोंबले, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. नवख्यांसाठी: पोस्टमन आणि ब्रुनो ही सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवून त्याचे उत्तर तपासण्याची टूल आहेत; गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, आणि रेपॉझिटरी म्हणजे तो कोड ठेवलेले भांडार. आमच्याकडे सहा डेव्हलपर, तीन टेस्टर आणि एक बिझनेस ॲनालिस्ट आहेत. ॲनालिस्टबाई पोस्टमन उघडतात, एन्व्हायर्नमेंट ‘यूएटी’ (ग्राहकाच्या चाचणीसाठीची व्यवस्था) करतात, सेंड दाबतात आणि आलेला रिस्पॉन्स ग्राहकाला कॉलवर वाचून दाखवतात. त्यांना गिटमधले ब्रँच (कोडची वेगळी शाखा) आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांची टक्कर) शिकवायला कोण बसणार आहे? रात्रीच्या बिल्डमध्ये तेच कलेक्शन, म्हणजे रिक्वेस्टांचा संच, न्यूमन हे पोस्टमनचे कमांड-लाइन टूल चालवते. मग अडले आहे कुठे?

टर्मिनलवाला: वाक्य माझे होते आणि मी ते मागे घेत नाही. पोस्टमनने 2023 मध्ये लॉगिनशिवाय चालणारे स्क्रॅचपॅड बंद केले. त्याच वर्षी इन्सोम्निया या तशाच टूलच्या आठव्या आवृत्तीने खात्याची सक्ती केली आणि ओरड झाल्यावर त्यांना स्थानिक साठवणुकीचा पर्याय द्यावा लागला. ब्रुनोत प्रत्येक रिक्वेस्ट ही कोडशेजारच्या फोल्डरमधली साधी मजकूर फाइल असते, त्यामुळे एक हेडर बदलला तर रिव्ह्यूमध्ये (सहकाऱ्यांच्या तपासणीत) जुनी ओळ लाल आणि नवी ओळ हिरवी दिसते. पोस्टमनचे एक्स्पोर्ट म्हणजे सगळ्या रिक्वेस्टांचे मिळून एकच लांबलचक जेसन फाइल. ते रिव्ह्यूला आले की लोक न वाचताच मंजूर करतात. शिवाय माझ्या आधीच्या नोकरीत एका सहकाऱ्याने प्रॉडक्शनचे टोकन (खऱ्या सर्व्हरची गुप्त किल्ली) स्वतःपुरत्या राहणाऱ्या ‘करंट व्हॅल्यू’ऐवजी सर्वांना जाणाऱ्या ‘इनिशियल व्हॅल्यू’च्या रकान्यात टाकले आणि ते सिंक होऊन वर्कस्पेसमधल्या सर्वांना दिसू लागले. चूक त्याचीच होती, पण फाइल स्वतःच्या यंत्रावर असती तर ती तिथेच राहिली असती.

तिसरी_शिफ्ट: आपण दोघेही गिट गृहीत धरून भांडत आहात. मी अकरा वर्षे टेस्टिंग करते, आणि सध्याच्या प्रोजेक्टमध्ये टेस्टरांना रेपॉझिटरी वाचण्याचीसुद्धा परवानगी नाही. तिकीट टाकले की ‘कारण स्पष्ट करा’ म्हणून परत येते. मागच्या महिन्यात एका डेव्हलपरने ‘मोबाइलनंबर’ या फील्डचे नुसते ‘मोबाइल’ केले, आणि सोमवारी सकाळी माझ्या चाळीस टेस्ट लाल झाल्या. तो बदल त्याच्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या प्रस्तावात) तीन दिवस सर्वांसमोर होता. सर्वांसमोर म्हणजे मला सोडून. तुमची हिरवी ओळ मी पाहायची कुठे?

टर्मिनलवाला: परवानगी मिळत नाही, हा ब्रुनोचा दोष नव्हे. मॅनेजरकडे जावे.

तिसरी_शिफ्ट: चार वेळा गेले. ‘मॅनेजरकडे जावे’ असे सांगणाऱ्यांना तो ॲक्सेस नोकरीच्या पहिल्याच दिवशी मिळालेला असतो, हे एव्हाना पाठ झाले आहे.

दोनशेचा_शाप: टूल कोणतेही घ्या. आमचे बॅकएंड पैसे कापले गेले नाहीत तरी स्टेटस 200, म्हणजे ‘सर्व ठीक’, देते आणि बॉडीत हळूच ‘सक्सेस: फॉल्स’ लिहिते. नुसते स्टेटस तपासणारी टेस्ट पोस्टमनमध्येही हिरवी आणि ब्रुनोमध्येही हिरवी.

सव्वाशे_एंडपॉइंट (धागाकर्ती): हा मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती. तिसरी_शिफ्ट यांचे दुखणे मात्र याच धाग्याचे आहे, कारण टेस्टरांना ॲक्सेस नसेल तर ब्रुनो आणल्यावर टेस्ट लिहिण्याचे काम आपोआप डेव्हलपरांकडे जाते, आणि डेव्हलपर स्वतःच्या कोडची टेस्ट किती कठोरपणे लिहितात ते सर्वांना ठाऊक आहे.

टर्मिनलवाला: हा सरसकट आरोप आहे. आमच्याकडे एंडपॉइंट (रिक्वेस्ट जिथे जाते तो सर्व्हरवरचा पत्ता) बदलणाऱ्यानेच त्या पुल रिक्वेस्टमध्ये त्याची टेस्टही बदलायची असते, नाहीतर मर्ज होत नाही. टेस्टर तिथेच येऊन ‘रकमेत उणे आकडा टाकून पाहिला का?’ असे विचारतात. आता तिसरी_शिफ्टताई म्हणतील की विचारायला आधी आत यावे लागते. बरे, मान्य. ज्या टीममध्ये टेस्टर रेपॉझिटरीच्या बाहेर उभे आहेत, तिथे माझे कालचे वाक्य लागू होत नाही. ॲनालिस्टबाईंनीही खुशाल सेंड दाबावे.

तिसरी_शिफ्ट: उपकार झाले. हे वाक्य पाचव्या तिकिटात ‘कारण’ म्हणून जोडते.

सव्वाशे_एंडपॉइंट (धागाकर्ती): आज दुपारी आमची सर्व एन्व्हायर्नमेंट उघडून पाहिली. ‘इनिशियल व्हॅल्यू’च्या रकान्यात दोन टोकन सापडले, त्यांतला एक मीच टाकलेला होता. दोन्ही रद्द केले आहेत. टूल बदलणार नाही, आणि टर्मिनलवाले यांनी यावर प्रतिसाद दिला नाही तरी चालेल.