सिनेगॉगला मराठीत काय म्हणावं?

एका लेखाचं भाषांतर तपासतोय. त्यात सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, सगळीकडे 'ज्यूंचं मंदिर' आलंय आणि ते मला खटकतंय. लंडनला ज्यू धर्माचा अभ्यास करत असताना गोल्डर्स ग्रीनकडच्या सनातनी मंडळींच्या तोंडी 'सिनेगॉग' फारसा नसायचाच. त्यांचा शब्द 'शुल'. यिडिश आहे, जर्मन 'शाळा'शी नातं सांगणारा. (ऱ्हस्वच लिहा, दीर्घ केला की पोटशूळ आठवतो.) हिब्रूत 'बेत क्नेसेत', म्हणजे जमण्याचं घर. इस्राएलच्या संसदेचं नाव 'क्नेसेत' त्याच धातूचं.

मूर्ती नाही, गाभारा नाही. सनातनी रिवाजात दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होते, ती कुणाच्या दिवाणखान्यातही चालते. शेजारच्या अभ्यासिकेत जोडीजोडीनं तलमूद (ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चेचा ग्रंथ) वाचणारे इतके मोठ्यानं वाद घालतात की नवख्याला भांडण वाटावं.

मुख्य अडचण वेगळीच. त्यांच्या लेखी मंदिर एकच, जेरुसलेमचं, रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलेलं. ते पुन्हा उभं राहावं म्हणून रोज प्रार्थना होते. 1818 मध्ये हाम्बुर्गच्या सुधारकांनी आपल्या प्रार्थनास्थळाला 'टेम्पल' म्हटलं, ते सनातन्यांना झोंबलं. अमेरिकेत सुधारणावादी आजही सर्रास 'टेम्पल' म्हणतात. म्हणजे आपण सहज 'मंदिर' लिहितो आणि नकळत एका पक्षात जाऊन बसतो.

— पटलं, पण घरचा शब्द विसरलात. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू, 'मशीद' म्हणत आले आहेत. सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत बांधलेलं 'शार हारहमीम' म्हणजे 'जुनी मशीद'. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. आणि पुण्यात डेव्हिड ससूनांनी बांधायला घेतलेलं, 1867 मध्ये पुरं झालेलं 'ओहेल डेव्हिड' पुणेकरांचं 'लाल देऊळ'च की! त्यात कुणाचा पक्ष नव्हता, लाल विटा होत्या इतकंच.

— लाल देऊळ विशेषनाम आहे, ते तसंच राहू दे. पण 'मशीद' आज छापली तर वाचक भलतीकडेच जाईल, म्हणून बेने इस्राएलांच्या संवादापुरती ठेवतो. निवेदनात 'सिनेगॉग', लंडनच्या पात्रांच्या तोंडी 'शुल', आणि 'मंदिर' फक्त जेरुसलेमसाठी. आता 'रबाय'ला, म्हणजे ज्यू धर्मगुरूला, 'पुरोहित' लिहिलंय, ते काढायला बसतो.