जर्मनीत सुपरमार्केटचं चिकन खायचं की नाही?

खाडीकाठचा: मूळचा रत्नागिरीचा, दीड वर्ष झालं स्टुटगार्टला आहे. डुक्कर सोडून सुपरमार्केटातलं चिकन-बिकन सगळं घेतो. कुराणात सूरे माइदा आयत ५ मधे किताबवाल्यांचं, म्हणजे ज्यू-ख्रिश्चनांचं, अन्न तुम्हाला हलाल असं सरळ म्हटलंय आणि हा ख्रिश्चनांचाच मुलुख ना? पण रूममेट हैदराबादचा, तो माझ्या टोपाला हातपण लावत नाही, इतकं कडक कशाला??

मिरजकर७८: भाई तिथं मशीनच्या पट्ट्यावर कोंबड्या उलट्या टांगून जातात, कापणारा ख्रिश्चन की नास्तिक काय कळणार? बेशुद्ध करायला आधी देतात त्या शॉकनंच मेली असेल तर मुरदार झाली, म्हणजे मेलेलं जनावर, खायला हराम, नंतर सुरी फिरवून काय उपयोग. आणि आपल्यात कापताना मुद्दाम बिस्मिल्ला, म्हणजे अल्लाचं नाव, सोडली तर हरामच, सूरे अनआम १२१ बघा.

खाडीकाठचा: "आपल्यात" नाही हो, तुम्ही हनफी, आम्ही कोकणी शाफई, दोघांचे शरियतचे पंथ वेगळे. आमच्यात बिस्मिल्ला सुन्नत, म्हणजे म्हटलेली चांगली पण सक्ती नाही, राहिली तरी चालतं. बुखारीत, म्हणजे हदीसच्या ग्रंथात, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची हदीस आहे, लोक मटण आणून देतात, नाव घेतलं की नाही माहीत नाही, तर हुजूर (पैगंबर) म्हणाले तुम्ही बिस्मिल्ला म्हणा आणि खा. तुमच्यात तर कुर्ल्या-तिसऱ्यापण चालत नाहीत, आमचा रविवार त्याशिवाय होत नाही 😄

मिरजकर७८: कुर्ल्या खा खुशाल. पण ती हदीस नव्यानं मुसलमान झालेल्या लोकांच्या मटणाची, कारखान्याची नव्हे.

कोथरूड_ते_कोलोन: मी हिंदू, बीफ खात नाही, कँटीनमधे रोज सॉसमधे काय घातलंय ते विचारतो, मला कुणी कडक म्हणत नाही मग त्या हैदराबादवाल्यालाच का? मात्र बेशुद्ध न करता कापणं मला अजिबात पटत नाही, बेल्जियममधल्या बंदीला २०२४ मधे युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं मान्यता दिली ते बरंच झालं.

मिरजकर७८: न्यूझीलंडमधे हलाललासुद्धा आधी शॉक देतात, हलका, जनावर जिवंत असतं तोवर सुरी. त्याला माझी ना नाही. पण त्या बेल्जियमात बाहेर बेशुद्ध न करता कापलेलं मटण आणून विकायला बंदी नाही, म्हणजे कळवळा फक्त आपल्या हद्दीतल्या जनावराचा!

कोथरूड_ते_कोलोन: हे मात्र खरं.

खाडीकाठचा: मशीनचं डोक्यात राहिलं, आता तुर्की दुकानातून आणून बघतो, ट्रामनं चाळीस मिनिटं लागतात तो भाग वेगळा. बाकी माझ्या टोपाला न शिवणारे आमचे हैदराबादी साहेब रोज रात्री जेलीची अस्वलं खातात, पाकिटामागे डुकराचं जिलेटिन लिहिलंय, अजून सांगितलं नाही त्यांना.