बर्फ वितळल्यावर घराची कामं : तुमचे अनुभव लिहा

मार्चच्या दुसऱ्या रविवारी इकडे अमेरिका-कॅनडात घड्याळं तासभर पुढे जातात, आणि साधारण त्याच सुमाराला मिडवेस्ट आणि ओंटारियोत बर्फ वितळायला लागतो. वरचा बर्फ वितळला तरी जमीन आत गोठलेलीच असते. पाणी मुरत नाही, उतार मिळेल तिकडे जातं, बऱ्याचदा घराच्या पायाकडेच. म्हणून पाण्याची कामं आधी, झाडलोट नंतर. काय करता, कशाने करता आणि राहून गेलं तर काय बिघडतं, एवढं नेमकं लिहा.

शिकागोजवळ, बेसमेंट असलेलं घर

पहिलं काम संप पंप, म्हणजे बेसमेंटच्या फरशीतल्या खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. ५ गॅलनची बादली भरून खड्ड्यात हळूहळू ओता. फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) वर आला की पंप लागला पाहिजे आणि पाणी उपसून आपोआप बंद झाला पाहिजे. लागलाच नाही तर आधी प्लग आणि ब्रेकर बघा, मग फ्लोट खड्ड्याच्या भिंतीला किंवा वायरीला अडकलाय का ते. मोटर नुसती गुंगुं करते आणि पाणी हलत नाही, तर बहुधा बाहेरच्या पाइपचं तोंड बर्फाने बंद असतं किंवा पंपात हवा अडकलेली असते. ही हवा निघून जावी म्हणून चेक व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं परत येऊ न देणाऱ्या झडपेच्या) खाली पाइपला साधारण ३ मिलिमीटरचं भोक असतं. ते गाळाने बुजतं. प्लग काढून तारेने मोकळं करा. पंप थांबल्यावर वरच्या पाइपातलं पाणी धबाधबा खड्ड्यात परत आलं तर चेक व्हॉल्व्ह गेलाय, बदला. नाहीतर तेच पाणी पंप पुन्हापुन्हा उपसत बसतो आणि लवकर जळतो.

बॅटरीवरचा दुसरा पंप असेल तर मुख्य पंपाचा प्लग काढून त्याचीही अशीच परीक्षा घ्या. वीज जाते ती वादळात, आणि पाणी भरतं तेही वादळातच. बॅटरी पाणी घालावं लागणाऱ्या प्रकारची असेल तर फक्त डिस्टिल्ड पाणी घाला.

मिनियापोलिस

छताच्या पन्हळी. पानं आणि छपराच्या शिंगल्सची (डांबरी कौलांची) वाळू प्लास्टिकच्या छोट्या फावडीने काढा, मग होजने पाणी सोडून उतरत्या पाइपातून मोकळं वाहतंय का बघा. शिडी २० फूट उंच टेकवायची तर तिचा पाय भिंतीपासून ५ फूट हवा, आणि चिखलात पायांखाली फळी. उतरत्या पाइपला पुढे निदान ६ फुटांचा तुकडा जोडा. कोपऱ्यात पाणी सोडलं तर ते सरळ बेसमेंटच्या भिंतीत जातं.

आतून छताच्या कडेला पिवळे डाग दिसले तर नुसता रंग मारू नका. घरातली ऊब पोटमाळ्यात जाते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो आणि थंड कडेला येऊन पुन्हा गोठतो. त्या बांधामागे तुंबलेलं पाणी शिंगल्सखाली शिरतं. डागांची जागा आत्ताच नोंदवून ठेवा. पोटमाळ्यातल्या फटी बुजवायचं आणि इन्सुलेशन वाढवायचं काम उन्हाळ्याच्या आत करून घ्या.

टोरांटोचं उपनगर

बाहेरचा नळ. आतला व्हॉल्व्ह उघडताना एकजण बेसमेंटमध्ये उभा हवाच. पाइप हिवाळ्यात फुटलेला असतो, पण गळती नळ सोडल्यावरच कळते, कारण न गोठणाऱ्या नळाचा बंद होणारा भाग भिंतीच्या आत फूटभर असतो. नळ पूर्ण सोडून तोंडावर अंगठा दाबा. धार सहज थांबली आणि आत पाणी ठिबकलं, तर पाइप फुटलाय. थंडीत होज जोडलेली राहिली की पाणी निथळत नाही आणि हेच होतं.

मिशिगन

फर्नेसचा (घर तापवणाऱ्या भट्टीचा) फिल्टर बदला. बाण हवेच्या दिशेने, म्हणजे फर्नेसकडे. ह्युमिडिफायरचं पाणी बंद करा आणि त्याचा डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) 'समर'वर न्या. हे फार जण विसरतात. डॅम्पर उघडा राहिला की एसीची गार हवा घरात न जाता तिथेच फिरते आणि कॉइलवर बर्फ धरू शकतो. एसी सुरू करून बघायची घाई नको, बाहेर ६० फॅरनहाइटच्या वर तापमान जाऊ द्या. गारठ्यात कॉम्प्रेसरचं तेल घट्ट असतं. पाणी निचऱ्याच्या नळीत कपभर व्हिनेगर ओता.

गॅरेजच्या फरशीवरचं पांढरं मीठ मात्र व्हिनेगरने धुऊ नका, काँक्रीट खातं. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, ब्रश. धुतलेलं पाणी हिरवळीवर सोडू नका.

न्यू जर्सी

कढीपत्त्याची कुंडी! दिवसा ऊन पडलं म्हणून बाहेर काढू नका, रात्री सलग ५० फॅरनहाइटच्या वर राहू लागल्या की काढा. तोवर पानं गळून काड्या उरल्या असतील, तरी झाड मेलं असं समजू नका. सालीवर नखाने ओरखडा. आत हिरवं असेल तर फुटतं. शेंडे छाटा. खोडाला तपकिरी खवले किडे चिकटलेत का बघा, असतील तर ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाचं तेल फवारा. पहिला आठवडा सावलीत, मग सकाळचं ऊन. थेट दुपारच्या उन्हात ठेवली की घरात आलेली कोवळी पानं भाजतात. तुळशीलाही हाच क्रम.

ओहायो

हिरवळीवर जमीन पिचपिचीत असेपर्यंत चालू नका, माती दबते. तण उगवण्याआधी टाकायचं औषध मातीचं तापमान ५० ते ५५ फॅरनहाइट झालं की टाका; फोर्सिथियाच्या झुडपाची पिवळी फुलं उमललेली दिसतात ती साधारण तीच वेळ. पण टकलांवर गवताचं बी पेरायचं असेल तर तिथे हे औषध नको, कारण ते बहुतेक गवताच्या बियांनाही उगवू देत नाही.