अनुभव धागा : पूर्वजांची थडगी आणि घराण्याचं मूळ

ज्यांनी हे शोधकाम केलंय त्यांनी लिहावं. आठवणी नकोत. कुठे काय मिळतं आणि कुठे अडतं, तेवढंच सांगा.

*

आधी कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, गाव नमुना १४. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या आणि त्यात गावाचा तेव्हाचा तालुका लिहा. तालुके फुटलेत, दप्तर जुन्याच ठिकाणी असू शकतं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बरेचदा नसतंच, म्हणून बापाच्या नावाने शोधा. जुनी पानं मोडीत असतात. फोटो अख्ख्या पानाचा घ्या. एकाच ओळीवरून मोडीवाचकाला लिहिणाऱ्याचं वळण कळत नाही.

सालांचा घोळ सगळ्यात वाईट. जुन्या कागदांत वेगवेगळ्या कालगणना असतात. इसवी सन काढायला शकात ७८, फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९ मिळवा. शेवटची दोन सालं मृगापासून सुरू होतात, तेव्हा एखादं वर्ष मागेपुढे धरा.

*

त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, म्हणजे यात्रेला आलेल्या कुटुंबांच्या त्यांनी ठेवलेल्या नोंदी, विसरू नका. तिथे आडनावाआधी मूळ गाव विचारतात. आज राहता ते शहर सांगितलंत तर शोध तिथेच थांबला! नोंदीत भाऊ, चुलते, मुलं असतात. सगळं उतरवून घ्या. सुनांची माहेरं मात्र क्वचितच मिळतात.

*

थडग्यांबद्दल. पुसट अक्षरं वाचायला विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने तिरपी धरा. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. खडू, ॲसिड, तारेचा ब्रश अजिबात नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे, आणि पापुद्रे सुटत असतील तर तेही नाही.

रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) घराण्यांना एक सोय आहे : पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावंच गाव सांगतात. दगडावरच्या हिब्रू सालात हजाराचा आकडा गाळलेला असेल तर १२४० मिळवा. ७०० म्हणजे १९४०. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना एक वर्ष कमी करा.

*

दगड सापडलाच नाही तर चर्चची दफन नोंदवही बघा. तीत दफनाची तारीख असते, ती मृत्यूची समजू नका. शहरी दफनभूमीत जागा पुन्हा वापरतात, म्हणून प्लॉट क्रमांक मिळाला तरी वर दुसऱ्याचंच नाव असू शकतं. मुंबई इलाख्यातल्या युरोपीय आणि अँग्लो-इंडियन दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत.